अल्फा कणांनी उठवलेले तरंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वरुड तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. अणुसंमीलनाच्या भट्टीत तयार होणारे वेगवान कणच प्लाझ्मात तरंग उठवतात आणि ते तरंग मग त्याच कणांना बाहेर लोटतात, असे वाचनात आले. हे नेमके कसे घडते? (एक विद्यार्थिनी, जि. अमरावती)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन समस्थानिकांची केंद्रके एकत्र आली, की १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रॉन आणि ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्रक, बाहेर पडते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. तो थेट भिंतीत जातो, आणि वीज करायची ती मुख्यतः त्याच्याच उष्णतेवर. अल्फा कण मात्र भारित असतो. तो चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत आतच राहतो आणि आपली ऊर्जा आधी मुख्यतः इलेक्ट्रॉनांना व नंतर आयनांना देत हळूहळू मंदावतो. प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला हा अतितप्त वायू, पेटता राहायचा तो याच उष्णतेवर. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारणी चाललेल्या आणि भारत ज्याच्या सात भागीदारांपैकी एक आहे त्या ‘ईटर’ टोकामॅकचे (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या यंत्राचे) उद्दिष्ट असे आहे, की बाहेरून ५० मेगावॉट शक्ती देऊन प्लाझ्मा तापवायचा आणि संमीलनातून ५०० मेगावॉट मिळवायचे. या ५०० मेगावॉटचा पाचवा हिस्सा, म्हणजे १०० मेगावॉट, अल्फा कणांकडे असेल. प्लाझ्मा तापवण्यात बाहेरच्या यंत्रांपेक्षा या कणांचा वाटा दुप्पट असेल, असा याचा अर्थ. ते मंदावण्याआधीच बाहेर पडू लागले, तर गाभा थंडावतो आणि भिंतीच्या एखाद्या लहानशा भागावर त्यांचा मारा होऊन ती खराब होण्याची भीती असते.

आता तरंगांकडे वळू. स्वीडनचे हानेस आल्फ्वेन यांनी १९४२ साली दाखवून दिले, की विद्युतवाहक द्रवात चुंबकीय क्षेत्र असेल तर त्यात एक नव्या प्रकारचा तरंग धावू शकतो. बलरेषेत ताण असतो आणि प्लाझ्माचे वस्तुमान तिला जखडलेले असते. त्यामुळे रेषा बाजूला सरकली की ताण तिला परत खेचतो आणि हा हेलकावा रेषेच्या दिशेने पुढे जातो. या तरंगाचा वेग क्षेत्राच्या तीव्रतेबरोबर वाढतो आणि प्लाझ्माच्या घनतेच्या वर्गमुळाबरोबर घटतो. आल्फ्वेन यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ईटरचे ५.३ टेस्ला क्षेत्र आणि दर घनमीटरला १ वर २० शून्ये इतके आयन धरून गणित केले, तर आल्फ्वेन तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर येतो. अल्फा कण जन्मतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर असतो. तरंगापेक्षा जास्त वेगाने जन्मलेल्या आणि पुढे मंदावत जाणाऱ्या या कणाचा वेग वाटेत कधी ना कधी तरंगाच्या वेगाशी जुळणार, हे टळत नाही. सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

वेग जुळल्यावर काय होते, हे शेगावच्या पालखीबरोबर चाललेल्या एखाद्याला लगेच कळेल. दिंडीपेक्षा किंचित भराभर चालणारा माणूस पुढच्यांना रेटतो आणि स्वतः थोडा मंदावतो. किंचित मागे पडणारा मात्र दिंडीच्या ओढीने पुढे खेचला जातो. धावत पुढे निघून जाणाऱ्याचा किंवा वाटेत बसून राहिलेल्याचा दिंडीच्या चालीवर काही परिणाम होत नाही. तरंग आणि कण यांच्यात असाच व्यवहार चालतो. जुळत्या वेगाच्या आसपास भराभर जाणारे कण जास्त असतील तर तरंग वाढतो, सावकाश जाणारे जास्त असतील तर तो विरतो. यातल्या विरण्याच्या बाजूचे गणित लेव्ह लांडाऊ यांनी १९४६ साली मांडले.

एवढ्यावर थांबलो तर उत्तर चुकीचे ठरेल, कारण अल्फा कण सतत मंदावत असल्यामुळे त्यांच्यात सावकाश कणच जास्त असतात आणि केवळ वेगाचा हिशेब पाहिला तर त्यांनी तरंग विझवायला हवा. तरंगाला खरी ऊर्जा मिळते ती जागेच्या उतारातून. अल्फा कण गाभ्यात दाट आणि कडेला विरळ असतात. टोकामॅकभोवती फिरणाऱ्या तरंगाला ऊर्जा देणाऱ्या कणाचा कोनीय संवेगही त्याच प्रमाणात बदलतो, आणि चुंबकीय क्षेत्रात कोनीय संवेग बदलणे म्हणजे कणाने आतून बाहेर किंवा बाहेरून आत सरकणे होय. अल्फा कणांच्या बाबतीत ऊर्जा देणारा कण बाहेर सरकतो. आत कण जास्त असल्यामुळे बाहेर सरकणारेही जास्त, आणि म्हणून हिशेब तरंगाच्या बाजूने झुकतो. तरंगाचे वाढणे आणि कणांचे बाहेर जाणे या दोन वेगळ्या घटना नाहीत, हे आपण पक्के लक्षात ठेवावे.

तरीही बराच काळ या तरंगांची फारशी धास्ती नव्हती. प्लाझ्माच्या प्रत्येक थरात आल्फ्वेन वेग निराळा असतो. अनेक थरांवर पसरलेल्या तरंगाचे तुकडे आपापल्या चालीने जातात, त्यांचा मेळ तुटतो आणि तरंग लवकर मरतो. परंतु टोकामॅक कड्याच्या आकाराचा असतो. आतल्या बाजूला क्षेत्र तीव्र आणि बाहेरच्या बाजूला सौम्य असते. या नियमित चढउतारामुळे वारंवारतांच्या पट्ट्यात एक फट पडते, आणि त्या फटीतल्या तरंगाला थरांमुळे होणारी ही झीज जवळजवळ सोसावी लागत नाही. १९८५ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी हे दाखवले. ईटरमध्ये अशा तरंगांची वारंवारता ढोबळमानाने ५० ते १०० किलोहर्ट्झ येते. पुढे १९९१ साली अमेरिकेतील टीएफटीआर आणि डीआयआयआय-डी या दोन्ही यंत्रांत हे तरंग प्रत्यक्ष दिसले. त्या वेळी अल्फा कण पुरेसे नव्हते, म्हणून टीएफटीआरमध्ये क्षेत्र मुद्दाम १ टेस्लाच्या आसपास उतरवून बाहेरून सोडलेल्या वेगवान आयनांचा वेग आल्फ्वेन वेगाशी जुळवला होता. खुद्द अल्फा कणांनी उठवलेले तरंगही पुढे टीएफटीआरमध्येच मिळाले, आणि तेही बाहेरून सोडलेल्या वेगवान कणांचा झोत बंद केल्यानंतरच्या थोड्या वेळात. झोताचे आयन तरंगाला दाबून ठेवत होते, ते अल्फा कणांच्या आधी मंदावले आणि तरंग वर आला.

प्रश्न : न्यूटनचे नियम व मॅक्सवेलची समीकरणे माहीत असताना, आणि आजचे महासंगणक हाताशी असताना, या तरंगांचे सरळ गणित का करता येत नाही? सिम्युलेशनमध्ये अडते तरी कुठे? (एक शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : नियम ठाऊक असूनही ते जसेच्या तसे संगणकाला देता येत नाहीत. ईटरच्या प्लाझ्माचे आकारमान सुमारे ८४० घनमीटर, म्हणजे कणांची संख्या ८ वर २२ शून्ये इतकी. यांतील इलेक्ट्रॉन बलरेषेभोवती सेकंदाला सुमारे १५० अब्ज गिरक्या घेतो, तर आपल्याला हवा असलेला तरंग सेकंदाला लाखभर वेळाच हेलकावतो आणि अल्फा कणाला मंदावायला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. अंतरांचेही तसेच. विद्युतभारांचे असंतुलन ज्या अंतरात झाकले जाते ते अंतर या प्लाझ्मात मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, तर तरंग मीटरभर पसरलेला असतो. सर्वांत जलद गिरकी आणि सर्वांत लहान अंतर पकडत सेकंदभराचा हिशेब करायचा म्हटले, तर आज पृथ्वीवर असलेला कोणताही संगणक पुरणार नाही. तेव्हा काय सोडायचे, हे ठरवण्यात या विद्येचे खरे कसब आहे.

पहिली सोडलेली गोष्ट म्हणजे गिरकी. तरंगाच्या एका हेलकाव्यात अल्फा कण चारशेच्या वर गिरक्या घेतो. मग प्रत्येक गिरकीचा माग काढण्यापेक्षा कणाऐवजी त्या गिरकीचे कडेच एक वस्तू मानून त्याच्या केंद्राचा प्रवास मोजला, तर वेळेची पावले कितीतरी मोठी टाकता येतात. या पद्धतीला जायरोकायनेटिक म्हणतात, आणि प्रिन्स्टनच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ली यांनी १९८३ साली ती कणांच्या सिम्युलेशनमध्ये आणली. अल्फा कणाची गिरकी ईटरच्या क्षेत्रात सुमारे ५ सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे साध्या आयनाच्या गिरकीच्या दसपटीहून मोठी असते. त्यामुळे कड्यावरच्या अनेक बिंदूंवर तरंगाची तीव्रता घेऊन तिची सरासरी काढावी लागते. कड्याच्या केंद्रापाशी असलेली तीव्रता तेवढी घेतली, तर तरंगाची वाढ खरीपेक्षा जास्त दिसते.

दुसरा मार्ग संकरित सिम्युलेशनचा. यात प्लाझ्माचा मोठा भाग चुंबकीय द्रव मानला जातो आणि केवळ वेगवान कण कण म्हणून मोजले जातात. कणांचा दाब द्रवाच्या समीकरणात घालायचा, द्रवाने दिलेल्या क्षेत्रात कण पुढे न्यायचे, आणि हे चक्र चालू ठेवायचे. जपानमध्ये तोकी येथील राष्ट्रीय संमीलन विज्ञान संस्थेतील ‘मेगा’ आणि प्रिन्स्टनमधील ‘एम३डी-के’ ही या वळणाची प्रसिद्ध संगणक-प्रणाली आहे. खर्च कमी आणि तरंगाची आकृती चांगली, हा त्यांचा गुण. परंतु पार्श्वभूमीतील आयन व इलेक्ट्रॉन तरंगाला जे विझवतात, ते द्रवाच्या चित्रातून आपोआप येत नाही. ते वरून जोडावे लागते. तरंग जगतो की मरतो हे शेवटी वाढ आणि झीज यांच्या वजाबाकीवर ठरत असल्याने ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, असे माझे मत आहे.

सगळेच कण जायरोकायनेटिक पद्धतीने घेतले, तर ती उणीव भरून निघते आणि नवीच अडचण उभी राहते. इलेक्ट्रॉन अतिशय हलके असल्यामुळे चुंबकीय क्षेत्राच्या समीकरणात त्यांच्यामुळे दोन प्रचंड संख्या येतात. कागदावर त्या एकमेकींना तंतोतंत छेदतात आणि आपल्याला हवा तो तरंग मागे उरलेल्या छोट्याशा फरकात असतो. संगणकात मात्र त्यांतील एक संख्या कणांच्या बेरजेतून आणि दुसरी सूत्रातून येते. त्यांच्यात अंशमात्र तफावत राहिली तरी खरा तरंग बुडतो. या एका अडचणीने अनेक वर्षे घेतली. तिच्यावर उपाय निघाले, तेव्हाच पूर्ण जायरोकायनेटिक प्रणालीतून हे तरंग विश्वासाने काढता येऊ लागले. गोंगाट हीदेखील मोठी अडचण आहे. खऱ्या कणांऐवजी काही कोटी प्रातिनिधिक कण घेतले, की त्यांच्या कमीअधिक दाटीमुळे खोटा खडबडीतपणा येतो, आणि तो कणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होतो. म्हणजे गोंगाट दहापट घटवायचा तर कण शंभरपट लागतात. म्हणून हल्ली ठाऊक असलेली मूळ स्थिती सूत्राने धरतात आणि कणांकडून तिच्यापासून झालेला विचलनाचा भाग तेवढा मोजवतात.

हे सारे झाल्यावर उत्तरावर विश्वास का ठेवायचा, असे आपले विद्यार्थी विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या पद्धतींच्या प्रणालींना एकच ठरावीक उदाहरण सोडवायला देऊन वारंवारता आणि वाढीचा दर ताडून पाहिला जातो. अशा एका आंतरराष्ट्रीय तुलनेचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. दुसरी कसोटी प्रयोगाची. डीआयआयआय-डी यंत्रात इलेक्ट्रॉनांच्या गिरक्यांतून निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांवरून प्लाझ्माच्या आतील तापमानाचे हेलकावे जागोजाग मोजता येतात, आणि त्यावरून तरंगाची आतली आकृती गणिताशी जुळते का, हे पडताळता येते. ती चांगली जुळते.

तरंग उठेल का, या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्यापैकी हातात आहे. मला खरा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न : उठलेला तरंग किती कण बाहेर नेईल? तरंग वाढला की जुळत्या वेगाचे कण त्यात अडकतात, त्या जागेचा उतार सपाट होतो, ऊर्जेचा पुरवठा आटतो आणि तरंग एका मर्यादेवर थांबतो. एकच तरंग असेल तर कण आपल्या जागेपासून थोडेसेच सरकतात आणि फारसे बिघडत नाही. परंतु ईटर मोठा आहे, त्यात अल्फा कणांच्या गिरक्या यंत्राच्या मानाने लहान आहेत, आणि म्हणून एकाच वेळी अनेक तरंग उठण्याची शक्यता आहे. शेजारच्या तरंगांचे प्रभावक्षेत्र एकमेकांत शिरले, की कण एकाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या तावडीत जाऊ लागतो आणि त्याचा प्रवास अनियमित होऊन लांबवर पोचू शकतो. प्रभावक्षेत्रांच्या अशा सरमिसळीचा निकष रशियाचे बोरिस चिरिकोव्ह यांनी दिला. एका तरंगाने सपाट केलेला उतार शेजारी अधिक तीव्र होतो, तेथे दुसरा तरंग उठतो, आणि हे कडेपर्यंत पसरत जाऊ शकते. कधी तरंगाची वारंवारता मिलिसेकंदभरात भराभर सरकते आणि आपल्याबरोबर कणांचा पुंजका ओढत नेते. हे सगळे एकत्र, टक्करी आणि नव्याने जन्मणारे अल्फा कण धरून, सेकंदभर चालवायचे म्हणजे एक लाख हेलकाव्यांचा हिशेब ठेवायचा. म्हणून मोठ्या सिम्युलेशनमधून शिकून छोटी, जलद नमुना-समीकरणे तयार करण्याचे काम आज जोरात चालले आहे, आणि ती कुठे लागू पडतात व कुठे नाहीत हे प्रामाणिकपणे सांगणे मला त्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. प्रयोगाची वाट पाहत बसण्याची सोय येथे नाही. मुख्यतः अल्फा कणांनीच तापलेला प्लाझ्मा टोकामॅकमध्ये अजून कोणीही पाहिलेला नाही.

प्रश्न : आमच्या भागातला कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो, पण ओलिताची पाळी आम्हाला रात्रीच मिळते. या नव्या विजेचा आम्हाला उपयोग केव्हा होईल? (एक शेतकरी, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)

उत्तर : आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. ईटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ साली सुरू करण्याचे सध्याचे नियोजन आहे, आणि ईटर हे प्रयोगाचे यंत्र आहे; त्यातून वीज तयार केली जाणार नाही. इंग्लंडमधील जेट या यंत्राने २०२३ साली एका प्रयोगात ६९ मेगाजूल संमीलन-ऊर्जा दिली. ती सुमारे १९ युनिट होते, म्हणजे ५ अश्वशक्तीचा पंप साधारण ५ तास चालेल इतकी. आणि तीही उष्णतेच्या रूपात, यंत्र चालवायला तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त वीज खर्ची घालून मिळालेली. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, यावरून अंतर लक्षात येईल. दिवसा ओलीत करता यावे ही आपली मागणी रास्त आहे, आणि तिचे उत्तर सौर पंप व दिवसाच्या वेळापत्रकात शोधावे लागेल. अणुसंमीलनाच्या भरवशावर तिने थांबावे, असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नये.

प्रश्न : खेड्यातील विद्यार्थ्याला महासंगणकाशिवाय या विषयाची सुरुवात करता येईल का? (एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : निश्चित करता येईल. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ टोकामॅक सुरू झाला. तेथे प्लाझ्मा भौतिकीत पीएच.डी. करता येते आणि संगणकीय कामही चालते. पण त्याआधीची तयारी आपण घरी, साध्या लॅपटॉपवर, पायथन किंवा फोरट्रान वापरून करू शकता. कलनशास्त्र, विकलक समीकरणे आणि फूरिए पद्धत एवढे गणित पक्के असावे.

पहिली प्रणाली एकाच मितीची लिहा. एका रेषेवर इलेक्ट्रॉन, स्थिर आयनांची पार्श्वभूमी, ६४ घरांची जाळी आणि लाखभर प्रातिनिधिक कण. कणांची दाटी जाळीवर मोजा, त्यावरून विद्युतक्षेत्र काढा, त्या क्षेत्राने कण पुढे न्या, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. कणांच्या वेगांचे वाटप मॅक्सवेलचे घेऊन त्यात लहानसा तरंग सोडा. तरंगसंख्या आणि डिबाय अंतर (विद्युतभारांचे असंतुलन ज्या अंतरात झाकले जाते ते) यांचा गुणाकार ०.५ ठेवला, तर लांडाऊंच्या गणितानुसार वारंवारता प्लाझ्मा-वारंवारतेच्या (इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हेलकाव्याच्या स्वाभाविक वारंवारतेच्या) १.४१६ पट आणि विरण्याचा दर तिच्या ०.१५३ पट आला पाहिजे. तो आला नाही, तर आधी गोंगाटावर संशय घ्या : कण यादृच्छिक न पेरता समान अंतराने पेरून पाहा, कणांची संख्या वाढवा आणि वेळेचे पाऊल निम्मे करा. पाऊल निम्मे केल्यावर उत्तर बदलत असेल, तर आधीचे उत्तर धरून चालू नका.

हे जमले की वाटपाच्या शेपटीत वेगवान कणांचा एक छोटा उंचवटा ठेवा आणि ज्याचा वेग त्या उंचवट्याच्या चढत्या बाजूशी जुळतो असा तरंग निवडा. आता तरंग वाढेल. वेग आणि स्थान यांचे चित्र दर काही पावलांनी साठवून ठेवा. त्यात अडकलेल्या कणांचे भोवरे दिसतील आणि वाटपाचा उंचवटा सपाट होत जाईल. मग मंदावणाऱ्या कणांच्या जागी नवे वेगवान कण सतत घालत राहा, थोडी टक्कर जोडा, आणि तरंगाची वारंवारता वेळेबरोबर सरकते का, ते तपासा.